हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं

गेल्या वर्षी दादाच्या मुलाचं लग्न होतं. लग्नाला बरोबर नऊ दिवस राहिले होते आणि रात्री पावणेदहाला आईचा फोन आला, "दहिवडीच्या तुझ्या आत्याला पत्रिकाच नाही मिळाली." हे ती अशा आवाजात म्हणाली की मला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

"अगं दादानं पाठवली ना सगळ्यांना. पीडीएफ."

"सगळ्यांना मिळाली. तिला नाही."

"मग आत्ता पाठवू दे की, दोन मिनिटांचं काम आहे."

यावर आई गप्प बसली. आमच्या आईचं फोनवर गप्प बसणं म्हणजे आता तुझं तूच समजून घे. मी समजून घेतलं आणि म्हणाले, बरं, शनिवारी मी गाडी काढते, अण्णांना घेऊन जाऊन येते.

झालं काय होतं ते नंतर कळलं. दादा हा व्यवस्थित माणूस. साखरपुडा झाल्या झाल्या त्यानं एक्सेल शीट केली, चारशेच्या वर नावं, त्यात मुलाकडचे, मुलीकडचे, ऑफिसचे, सोसायटीचे असे वेगवेगळे रंग. पहिल्या दिवशी तो पत्रिका फॉरवर्ड करायला बसला तर एका वेळी पाचच जणांना जाते. पाच, मग परत पाच, मग परत पाच, अर्ध्या तासात वैतागला आणि कुणीतरी सांगितल्यावर त्यानं ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या. एका लिस्टमध्ये २५६ नावं मावतात, म्हणून दोन लिस्ट. एक बटण दाबलं आणि चारशे घरांत आमंत्रण. अण्णांना दाखवायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ना, मी लहानपणी त्याला सायकल पहिल्यांदा हात सोडून चालवताना बघितलंय, तसं.

पण ब्रॉडकास्टची एक गंमत आहे आणि ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, चूक आमचीच. पलीकडच्या माणसानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच त्याला तो मेसेज जातो, नाहीतर जातच नाही. दादानं तीन वर्षांपूर्वी नंबर बदलला होता. नवा नंबर त्यानं अशाच एका मेसेजनं कळवला होता, 'हा माझा नवीन नंबर आहे, कृपया सेव्ह करावा', त्यावर लोकांनी अंगठे दाखवले होते आणि विषय संपला होता. मग आम्ही बसून शोधलं तर ३७ जणांना पत्रिका गेलेलीच नव्हती. त्यात दूधवाले काका होते, त्याचे कॉलेजचे दोन मित्र होते, एक सख्खा मावसभाऊ होता आणि अण्णांची मोठी बहीण, आमची आत्या. ३७ लोकांच्या फोनमध्ये आपण नाही हे कळायला घरात लग्न काढावं लागतं.

कुणी म्हणेल फॅमिली ग्रुपवर होती की पत्रिका. होती. आत्या ग्रुपवर नव्हती. तिचा फोन बदलला तेव्हा नातवानं 'आजी मेमरी फुल होते' म्हणून सगळे ग्रुप उडवून टाकले होते आणि ७८ वर्षांची बाई ग्रुपमधून गेली हे दोन वर्षं आमच्या ४१ जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मीही त्यातलीच.

---

मला पत्रिका वाटायला जाणं म्हणलं की १९८९ चा उन्हाळा आठवतो. धाकट्या काकांचं लग्न होतं, मी आठ वर्षांची, अण्णा साताऱ्यात नोकरीला आणि दारात नुकतीच आलेली बजाज स्कूटर. नंबर लावून कित्येक वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली, त्यामुळं ती चालवायला काहीतरी कारण लागायचंच. मी पुढं उभी. माझ्या मानेशी हँडलला अडकवलेली कापडी पिशवी, त्यात पत्रिकांचा गठ्ठा, अक्षतांची पुडी, आईची हळदीकुंकवाची कुयरी आणि अण्णांची डायरी.

ती डायरी म्हणजे काय चीज होती ते आता कळतं. त्यात नुसती नावं नव्हती. एका घराला एक पत्रिका की दोन, हा मोठा प्रश्न असायचा. भाऊ एकत्र असतील तर थोरल्याच्या नावानं एक. चूल वेगळी झाली असेल तर दोन. आणि चूल वेगळी झालीय पण अजून गावाला सांगितलेली नाही, असं असलं तर पत्रिका एकच द्यायची पण धाकट्याला वेगळं, तोंडानं, "तुम्ही पण यायचं" म्हणायचं. पाकिटावर 'सहकुटुंब सहपरिवार' कुणाला लिहायचं आणि कुणाला नुसतंच नाव, यावर आई-अण्णांची रात्री कंदिलात हळू आवाजात चर्चा चालायची. कंदिलात कारण मे महिन्यात गावात लाईट नसायचीच.

खटाव तालुक्यातलं आमचं गाव. सगळी घरं झाली आणि एक उरलं. तात्यांचं. तात्या म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, वयानं बरेच मोठे, आणि बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद. आईनं निघताना अण्णांना सांगितलं होतं, "पाणी दिलं तर प्या, नको म्हणू नका."

तात्या सोप्यात बसून तंबाखू मळत होते. अण्णा दारातच उभे राहिले.

"तात्या, आवतण घेऊन आलोय."

"व्हय? लई दिसानं वाट चुकलास."

चुलतीनं तांब्या आणून ठेवला. अण्णांनी पाणी प्यायलं, सगळा तांब्या, मला अजून त्यांच्या गळ्याची हलणारी घाटी दिसते. मग पत्रिका पुढं केली. तात्यांनी हात धोतराला पुसला, चष्मा लावला आणि वाचायला लागले, मोठ्यानं, अगदी वरच्या 'श्री खंडोबा प्रसन्न'पासून. चि. आणि चि. सौ. कां. वाचलं, मुहूर्त वाचला, विवाहस्थळ वाचलं. मग खाली नावांची रांग, निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित. त्यात तिसऱ्या नंबरला ते थांबले.

"माझं नाव घातलंस."

"मग कुणाचं घालणार?"

"छापायच्या आधी इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर नको म्हणला असता."

तात्या काही बोलले नाहीत. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग तंबाखू तोंडात टाकायची ती पुडीत परत ठेवली आणि आत बघून ओरडले, "च्या टाका गं."

बांधाची केस त्यानंतर आणखी सहा वर्षं वडूजच्या कोर्टात चाललीच. एका पत्रिकेनं भांडणं मिटतात असलं काही मी सांगत नाहीये. पण लग्नाच्या दिवशी तात्या पंगतीत बुंदी वाढत होते आणि अण्णांच्या ताटात त्यांनी नको नको म्हणताना दोनदा वाढली. त्या कागदानं त्यांना यायला एक वाट करून दिली एवढंच.

आताच्या पत्रिकेत ती नावांची रांगच नाही. दादाच्या पीडीएफमध्ये नवरा-नवरीचं कार्टून होतं, लोकेशनला बोट लावलं की मॅप उघडतो, आणि खाली हॅशटॅग, दोघांची अर्धी अर्धी नावं जोडून केलेला, जो वाचताना अण्णांना एखाद्या औषधाचं नाव वाटलं. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हे मात्र टिकलंय, त्याच्याशिवाय मराठी लग्न कायद्यानं ग्राह्य धरत नसावेत. गावाकडं नावं कमी झाली नाहीत म्हणा, ती पत्रिकेतून निघून चौकातल्या फ्लेक्सवर गेली, फोटोसकट, गॉगलसकट. रुसवेफुगवे पण तिकडं गेले, फोटो वरच्या ओळीत की खालच्या.

---

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं पूर्वी छान होतं आणि मोबाईलनं वाटोळं केलं, असं मला म्हणता येत नाही. कारण 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' ही ओळ काही व्हॉट्सॲपनं आणलेली नाही. ती छापील पत्रिकेवर आधीपासून होती, 'नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास' सकट. म्हणजे नजरचूक होणार, कुणीतरी राहणार आणि ते कुणीतरी रुसणार, हे छापखानेवाल्यालासुद्धा माहीत होतं.

आणि पोस्टाचं काय होतं? मुंबईच्या नातेवाइकांना पत्रिका पोस्टानं जायची, पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून. तेव्हा हाच रुसवा होता. माझी आजी तिच्या लालबागच्या भाच्याबद्दल वर्षानुवर्षं म्हणायची, "पोस्टानं टाकली त्यानं पत्रिका, पोस्टानं!" जसं काही त्यानं ती खिडकीतून फेकली. पुढं पोस्टानं पाठवून वर फोन केला की झालं असं ठरलं. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्याकडं शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर असायचा, शेजारीण खिडकीतून हाक मारणार, आपण पळत जाणार, आणि आमंत्रण दोन घरांना एकदम कळणार, मग शेजारणीला पण बोलवावंच लागणार. ज्यांना यायला जमायचं नाही ते तार करायचे. तार ऑफिसात छापील शुभेच्छांची यादी असायची, आपण नुसता नंबर सांगायचा आणि पलीकडं त्या नंबरचं अख्खं वाक्य उतरायचं. म्हणजे आताचं स्टिकरच की. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या, आधीची कित्येक वर्षं त्यातल्या किती जणांनी तार केली असेल देव जाणे.

मला यात एक गंमत दिसते. जी गोष्ट सोपी होते तिचा मान जातो आणि तिच्या आधीची अवघड गोष्ट मानाची होते. दारात जाणं होतं तेव्हा पोस्ट हलकं. पोस्ट गेलं, फोन आला, तेव्हा फोन हलका. आता पीडीएफ आली तर 'निदान फोन तरी करायचा' म्हणतात, म्हणजे फोन मानाचा झाला. आणि मध्यंतरी एका मैत्रिणीनं हातानं पत्ता लिहून पोस्टानं पत्रिका पाठवली, तर मी, आजीची नात, तिचा फोटो काढून स्टेटसला लावला. आपल्याकडं मान हा तसदीत मोजतात. पत्रिकेवर 'आहेराची तसदी घेऊ नये' असं आपण लिहितो खरं, पण आमंत्रणाची तसदी मात्र समोरच्यानं घेतलीच पाहिजे. मतं मागायची असली की इतक्या मेसेजच्या आणि रेकॉर्ड केलेल्या फोनच्या जमान्यात उमेदवार अजून जिने चढून दारात हात जोडतात ते काही उगीच नाही.

पीडीएफला जो काही थोडाफार मान मिळाला तो करोनानं मिळवून दिला. आधी पन्नास माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये तर आपल्याकडं नियम आला की लग्नाला २५ माणसं आणि दोन तासांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. आमच्या एका चुलतबहिणीचं लग्न त्यात सापडलं. २५ मध्ये नवरा-नवरी, भटजी आणि फोटोग्राफर धरून किती राहतात बघा. बाकी सगळ्यांना लिंक. अक्षता आम्ही स्क्रीनवर टाकल्या आणि नंतर कीबोर्डमधून तांदूळ काढत बसलो. त्या वर्षी कुणी कुणावर रुसलं नाही. आणि एकदा रुसायचं राहिलं की लोकांना वाटलं आता हेच चालणार.

---

त्या पाचच्या आकड्याचं मात्र सांगितलं पाहिजे. दादा वैतागून म्हणाला होता, "च्यायला पाचच का पण?" मी तेव्हा काही बोलले नाही, लग्नघरात कुठं सांगायचं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, आपल्या मंगळवेढ्याकडची, दारोदार भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनफोनवर पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाचची मर्यादा आणायला सुरुवात केली. पुढं ती जगभर लागू झाली.

लहानपणी आमच्या गावातही असे लोक यायचे. सुगी झाली की यायचे. आजी सुपातून जोंधळे घालायची, तो गाणं म्हणायचा, मागच्या वर्षी कुठं होतास विचारायची. तो परका होता पण अनोळखी नव्हता, असं काहीतरी. दारात आलेल्या माणसाचं काय करायचं हे गावाला पाठ होतं, पाणी विचारायचं, गाव विचारायचं. राईनपाड्यात त्या दिवशी दारात आलेल्या माणसापेक्षा हातातल्या फोनवर लोकांचा विश्वास जास्त बसला. फोननं मारलं असं मी म्हणत नाही, माणसांनीच मारलं. पण आता कुठलीही पत्रिका फॉरवर्ड करताना पाच नावांवर बोट अडलं की मला ते आठवतं आणि मग मी त्याबद्दल कुरकुर करत नाही.

---

शनिवारी सकाळी सहाला निघालो. अण्णा पुढं, मी गाडी चालवतेय, आई मागं पिशवी मांडीवर घेऊन. चिंचवडहून हडपसर, दिवे घाट, सासवड. जेजुरी आली तशी अण्णांनी गाडीतूनच गडाकडं हात जोडले. पहिली पत्रिका दादा महिनाभर आधी गडावर ठेवून आला होता, स्वतः पायऱ्या चढून. देवाला काही ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये घातलं नव्हतं. छापील पत्रिका त्यानं पन्नासच काढल्या होत्या, देवांसाठी आणि 'मानाच्या लोकांसाठी', आणि मानाच्या लोकांत आत्या कशी नव्हती असं मी विचारलं तर म्हणाला, "घरातल्यांना कशाला पत्रिका?" आता यावर काय बोलणार. त्याच्या दृष्टीनं ती घरातलीच होती, म्हणून राहिली.

निरा, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट. घाट चढला की हवा एकदम कोरडी लागते, माणची हवा. अण्णा सबंध रस्ताभर दोनच वाक्यं बोलले, त्यातलं एक टोलबद्दल होतं.

आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"आक्का," अण्णा म्हणाले आणि पुढं त्यांना काही सुचेना. ७४ वर्षांचा माणूस, रिटायर्ड हेडमास्तर, पायरीखाली उभा.

"या की. बसा," आत्या म्हणाली. "चुकला बिकला न्हाईसा ना? लोकेशन टाकलं असतं मी."

आईला हसू आलं, तिनं ते पदरात घेतलं. पाणी झालं. मी घाईघाईत ब्रॉडकास्टचं सांगायला लागले, की तुझ्याकडं दादाचा नवा नंबर सेव्ह नव्हता ना आत्या, म्हणून ते गेलंच नाही, मुद्दाम नाही केलं कुणी. ती ऐकून घेत होती, शेंगा फोडत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"अगं मला समदं म्हाईत हाय. हॉल कुठला, मुहूर्त किती वाजता, शालू कुठल्या कलरचा घेतला. तुझ्या वहिनीचं केळवण किती घरी झालं ते मोजून सांगते. समद्यांची ष्टेटस बघती मी रोज. म्हाईत व्हतं गं." टरफलं बाजूला केली. "सांगितलं न्हवतं कुणी."

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं, आमच्या कुणाकडंच. अण्णांनी पिशवीतून पत्रिका काढली. पाकिटावर त्यांनीच रात्री बसून लिहिलं होतं, त्यांच्या हेडमास्तरी वळणदार अक्षरात, आत्याच्या नावानं, सहकुटुंब सहपरिवार. आत्यानं हात पुसला आणि पत्रिका घेतली.

मग आईनं मला कुयरी दिली. आणि माझा हात थांबला.

आतोबा करोनात गेले. ही मी तीच बाई आहे जिनं मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा ती बातमी स्टेटसला लावली होती, पुढं सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं तेव्हा तेही लावलं होतं, खाली टाळ्यांचे इमोजी. आणि आता माझ्या हातात कुंकू होतं, समोर माझी आत्या होती, आणि बोट उचललं जाईना. दोन सेकंद असतील. तिला ते दिसलं. "ठिव ती हितंच," म्हणाली, "च्या घे आधी, गार हुईल." मी ठेवली. अजूनही ते आठवलं की मला कसंतरी होतं.

माझी धाकटी काकू, जिच्या लग्नाच्या पत्रिका मी स्कूटरवरून वाटल्या, ती चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर घरी कुणी जोडपं पत्रिका घेऊन आलं की ते कुयरी काढायच्या आत ती "चहा टाकते" म्हणून आत जायची. आम्हाला वाटायचं काकू फार तत्पर आहे. बाहेर सगळ्या बायकांना कुंकू लावून झालं की मग ट्रे घेऊन यायची. वेळ इतका बरोबर साधायची की कुणाला अवघडायला व्हायचं नाही, म्हणजे आलेल्यांना. आणि पत्रिका तर तिच्या नावानं नसायचीच, ती दिराच्या नावानं, त्यातल्या 'सहपरिवार'मध्ये ती. दोन वर्षांपूर्वी तिनं मला तिच्या फोनवर एक पीडीएफ दाखवली, कुठल्यातरी लांबच्या नात्यातलं लग्न, आणि म्हणाली, "बघ, माझ्या नंबरवर आलीय." मला आधी कळेनाच यात दाखवण्यासारखं काय आहे.

म्हणून दारात येण्याची जी थोरवी आम्ही सांगतो ना, ती सांगताना मला काकू आत जाताना दिसते. दारात येणारा माणूस सगळ्यांसाठीच चांगली गोष्ट घेऊन येत नव्हता. कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं आणि कुणाला बाहेरूनच ओरडून सांगायचं, हेही त्याच डायरीत होतं, न लिहिता. पीडीएफला उंबरा नसतो. तिला कुंकूही लावता येत नाही, त्यामुळं न लावताही येत नाही.

---

चहा झाला, बेसनाचे लाडू झाले, आत्यानं लग्नातल्या जेवणाचा मेनू विचारला आणि तो ऐकून पनीर दोनदा कशाला म्हणाली. निघताना तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मागं आतोबांचा पासपोर्ट साईज फोटो, कव्हर आणि फोनच्या मध्ये.

"त्याचा नंबर घालून दे ह्यात."

मी घातला. "काय नावानं सेव्ह करू?"

तिनं विचार केला. "आण्णाचा थोरला, आसं घाल. नुसतं नाव घातलं तर लक्षात राहत न्हाई."

ती लग्नाला आली, आदल्या दिवशीच आली, दोन पिशव्या घेऊन. हॉलमध्ये मिरवली, मुलीकडच्यांची चौकशी केली, पनीर खाल्लं. माझ्या आईनं तिथं, सगळ्यांच्या देखत, हळदीकुंकवाचं तबक तिच्यापुढं धरलं. आत्यानं तबकाकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि चिमटीत हळद घेऊन आईलाच लावली. आपल्याला लावून घेतली की नाही ते मला गर्दीत दिसलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही.

तेव्हापासून दादाला रोज पहाटे पाचच्या सुमाराला आत्याचा गुड मॉर्निंगचा मेसेज येतो, गुलाब, उगवता सूर्य आणि खाली खंडोबा. पहिले दोन महिने तो माझ्याकडं तक्रार करायचा, की माझा फोन वाजतो, मी म्यूट करू का, तिला वाईट वाटेल का. मी म्हणलं कर म्यूट, तिला कळत नाही. त्यानं केला नाही वाटतं. कारण परवा मंगळवारी सकाळी साडेनऊला मला त्याचाच फोन आला, "आत्याचा मेसेज नाही आला गं आज. तुला आलाय का?"

मला नव्हता आला. आईला नव्हता, काकूला नव्हता. मग त्यानं दहिवडीला फोन लावला, तीनदा लावला, तिसऱ्यांदा उचलला.

नेटचा रिचार्ज संपला होता.